बुवापाड्याला दोन गुण

तो आवाज मी कुठेही ओळखला असता.

बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या एका कोऱ्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या खिडकीपाशी मी स्टुलावर चढले होते. हातात टेप, दातांत पेन्सिल. बाहेर श्रावणातला पाऊस, घटकेत ऊन दाखवून फसवणारा. घरमालक वॉचमनकडे चावी ठेवून गेले होते आणि मला फक्त खिडक्यांची मापं घेऊन परतायचं होतं. आमचं दुकान उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये. पडदे, गाद्या, सोफ्याची कव्हरं. दुकान हरेशसेठचं, मापं माझी. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर... या पट्ट्यात कुणी नवं घर घेतलं की त्यात आधी देवाचा फोटो शिरतो आणि मागोमाग मी.

तर मी तशी टांगलेली, आणि दार ढकलून कुणीतरी आत आलं. बोलत बोलतच आलं.

"तर मित्रांनो, हा आपला हेंद्रेपाडा! मार्केट जवळ, शाळा जवळ, नदी मात्र जरा जास्तच जवळ — तेव्हा तळमजला घेताना विचार करा. माझ्याकडून दहापैकी... साडेसात!"

मी हळूच मान वळवली. निळा शर्ट, ओले केस, काठीला अडकवलेला मोबाइल आणि चेहऱ्यावर हसू. त्या आवाजाला शोभेल असंच! जगातल्या प्रत्येकाला आपण आवडतो अशी खात्री असलेलं.

"साडेसात?" पेन्सिल तोंडातून काढून मी म्हणाले.

तो असा दचकला की काठी भिंतीवर आपटली. "सॉरी... मला वाटलं, फ्लॅट रिकामा आहे. मालकांनी शूटिंगला हो म्हटलंय."

"रिकामा नाहीये, मी आहे. आणि बुवापाडासुद्धा रिकामा नाहीये. तिथेही माणसं राहतात."

"कुठला बुवा... अच्छा! अंबरनाथ वेस्टचा व्हिडिओ?" त्याचा चेहरा उजळला. "तुम्ही बघितलात?"

आणि इथे माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

बघितलात म्हणे! सगळ्या बुवापाड्याने बघितला होता. 'घर कुठे घ्यावं, कुठे घेऊ नये' असं काहीतरी नाव होतं. अंबरनाथचे सगळे एरिया साहेबांनी स्वतःचा चेहरा न दाखवता गाडीतून फिरून दाखवले, प्रत्येकाला गुण दिले. कुणाला आठ, कुणाला सात. आणि आमच्या गल्लीशी आल्यावर म्हणाले, "हा बुवापाडा. दहापैकी दोन. इथून जाताना गाडीची काच वर ठेवा आणि थेट पुढे निघा." काचेपलीकडे, पदर खोचून, बादली भरत उभी होती माझी आई.

नेमकं त्याच आठवड्यात मला कुळगावचं एक स्थळ सांगून आलं होतं. आले, बसले, मुलाने पोहे दोनदा घेतले. मुलाची आई तर मला "बेटा" म्हणून गेली. चार दिवसांनी निरोप आला, "मुलगी छान आहे, पण एरिया..." आणि शब्द सापडेनात म्हणून त्यांनी हा व्हिडिओच पाठवून दिला. आईने तो माझ्यासमोर उघडला. स्वतःला ओळखलं तिने. उठून भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी.

"बघितला," मी स्टुलावरूनच म्हणाले. "माझं लग्न मोडलंत तुम्ही!"

"मी?"

"मग कोण, मी?" आणि मी त्याला सगळं सांगितलं. पोह्यांसकट.

त्याने मोबाइल बंद केला. काठी मिटली. हसूही मिटलं, हे मान्य करायला हवं.

"ते दोन गुण तरी कशाचे दिलेत, ऐकू दे."

"एक स्टेशनचा," तो चाचरत म्हणाला. "एक पाण्याचा. म्हणजे... पाणी रोज येतं तिथे."

"आणि ते भरणारी बाई? ती कितीत धरलीत? माझी आई आहे ती!"

त्याने काठी पाठीमागे धरली. बाहेर पाऊस थांबला होता. मग त्याने अगदी हळू विचारलं, "त्या मुलाने... व्हिडिओ बघून नाही म्हटलं?"

"हो."

"मग गाढव आहे तो."

"ते मला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं! मीच नाही म्हणणार होते. माझ्या आधी त्याने म्हटलं, हाच तर राग आहे!"

त्याला हसू फुटलं. त्याने ते दाबलं, मग ते पुन्हा फुटलं. आणि माझ्या हातातून नेमकी तेव्हाच टेप सटकली, सरसर करत त्याच्या पायाशी गेली. त्याने टोक उचललं.

"पकडू?"

"पकडा. सरळ. तिरकं नको... तिरकं तुम्हाला बरं जमतं, माहीत आहे मला."

त्याने पकडलं. सरळ पकडलं. सगळ्या खिडक्या होईपर्यंत एक शब्द न बोलता पकडलं. निघताना म्हणाला, "मी यज्ञेश. बदलापूर गावातला. चूक कशी सुधारू, सांगा."

"रविवारी बुवापाड्यात या. गाडीतून नाही, पायी. फोन खिशात."

"आलो तर?"

"तर चहा मिळेल."

"आणि नाही आलो तर?"

"तर चहा वाचेल."

०

तो आला. भिजून आला, हातात खारीचा पुडा घेऊन आला आणि आमच्या दाराची चौकट डोक्याला लावून घेऊनच आत आला.

आई दाराशी बसून साडीला फॉल लावत होती. तिचं सगळं काम त्या दारातच चालतं. समोरच्या ओट्यावर कमळाबाई तांदूळ निवडत असतात, येणारी-जाणारी बाई पिशवीतून साडी काढते, आई रंग जुळवते आणि तेवढ्यात गल्लीची बातमीपत्रं वाचून होतात. बाबा कंपनीतून आले की त्यांनाही आत शिरायला त्या साड्यांवरून उडी मारावी लागते. ही खोली बाबांनी भिंत-भिंत करून बांधली. आणि ती आई आता विकायला निघाली होती.

"दुकानात ओळख झाली, अंबरनाथला काम होतं म्हणून आलेत," मी आईला सांगितलं. चहा त्याच्या हातात गेल्यावर मग आईची गाडी सुरू झाली.

"काय सांगू बाळा, दसऱ्याला टोकन देतोय. बदलापूरच्या पार टोकाला वन आरके बघितलाय. लहान आहे, लांब आहे, पण बिल्डिंग आहे. बुवापाडा सांगितलं की पोरीला कुणी पसंत करत नाही. तो कोण मेला व्हिडिओवाला आला होता... जिभेला काही हाड? दोन गुण म्हणे! त्याला शाळेत तरी किती पडले होते, विचारा."

माझी नजर त्याच्यावर होती. आता उठेल, आता काहीतरी काम आठवेल... त्याने कप खाली ठेवला.

"काकू," तो म्हणाला, "तो मेला मीच."

कमळाबाईंचं सूप थांबलं. आईची सुई थांबली. तिने त्याला ओल्या केसांपासून चिखलाच्या चपलांपर्यंत पाहून घेतलं.

"चहा पी आधी," ती म्हणाली. "गार होतोय. मग बोलते तुला."

आणि बोलली! दुसरा कप संपेपर्यंत बोलली. मध्येच कमळाबाईंनी ओट्यावरून भर घातली. तो मान खाली घालून "हो... चुकलं... हो" म्हणत राहिला. शेवटी आईचाच आवाज खाली आला. "खारी घे अजून. आणि मावशी म्हण. काकू कसली?"

गल्लीच्या तोंडापर्यंत मी त्याला सोडायला गेले. एका छत्रीत, म्हणजे छत्रीत मी आणि बाहेर तो.

"गटार उघडं आहे, ते खोटं नव्हतं ना?" तो म्हणाला.

"नव्हतंच. आम्ही रोज त्याच्या नावाने ओरडतो, तुम्हीही ओरडा. पण काच वर ठेवा म्हणालात! आम्ही काय माश्या आहोत, आत यायला?"

तो थांबला. खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर, पावसात, तो व्हिडिओ काढून टाकला. मला वाटलं होतं की बरं वाटेल. वाटलं... पण त्याहून जास्त, त्याच्या पापण्यांवर थांबलेलं पाणी दिसत राहिलं. आणि त्याचा मला भारी राग आला.

०

मग तो वारंवार दिसायला लागला.

निमित्त होतं. त्याला आता म्हणे घरं आतून समजून घ्यायची होती. मी मापाला निघाले की हा रिक्षा स्टँडवर हजर. टेपचं टोक धरायला त्याच्याइतका उतावळा माणूस मी पाहिला नाही. हरेशसेठ एक दिवस गल्ल्यावरून म्हणालेच, "नेत्रा, ये लडका पगार नहीं मांगता क्या? इसको बोल, मेरे को ऐसे दो और चाहिए!"

कॅम्प चारमध्ये एका म्हाताऱ्या सिंधी आजींकडे गेलो, तर त्यांनी रीतीप्रमाणे आधी पापड आणि थंड पाणी पुढे केलं. यज्ञेशकडे बघून मला म्हणाल्या, "घरवाला अच्छा है तेरा. टेप सीधी पकड़ता है."

"घरवाला नहीं है!" मी इतक्या जोरात म्हणाले की आतल्या खोलीतला पोपट ओरडायला लागला. यज्ञेशने पापड मोडला. फार सावकाश, फार मजेत मोडला... तो आवाज रस्ताभर माझ्या कानात होता.

"हसायला काय झालं?" खाली आल्यावर मी विचारलं.

"पापड छान होता."

"पापडासाठी कुणी असं हसत नाही."

"मग कशासाठी हसतात?" तो म्हणाला आणि मी फटकन छत्री उघडली. पाऊस नव्हता तरी!

अंबरनाथ ईस्टच्या एका टॉवरमध्ये, बाराव्या मजल्याच्या खिडकीत मी रॉडचं माप घेत होते. पाऊस खाली पडताना वरून बघायचा असतो, हे मला तिथे कळलं. रुळांपलीकडे सगळं वेस्ट पसरलं होतं.

"तुझं घर कुठलं यात?" तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला.

"त्या निळ्या ताडपत्र्या दिसतायत? त्यांतल्या एकीखाली."

तो बघत राहिला. मग म्हणाला, "नेत्रा, तुला कुठे राहायला आवडेल? म्हणजे... खरंच विचारतोय. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. कुठेही."

इतक्या लोकांची घरं मी मोजली, इतक्या बायकांनी पडद्याचा रंग मला विचारून ठरवला, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. आईने फ्लॅट ठरवला, बाबांनी मान हलवली, मला "तुझ्यासाठीच तर" म्हणून सांगण्यात आलं. मी टेपकडे बघत म्हणाले, "दार उघडं ठेवता येईल असं कुठेही."

त्याने टेपचं टोक सोडलं नाही. मीही. मधल्या टेपला जराशी ओढ बसली... कुणाकडून, ते मी सांगणार नाही.

मला तो आवडत होता. झालं, लिहिलं एकदाचं.

०

गौरी बसल्या त्या दिवशी त्याने मला घरी बोलावलं. बदलापूर गावात, जुन्या आळीत त्यांचं घर. आगरी घर, पुढे पडवी, मागे विहीर, आणि विहिरीपलीकडे, जिथे पूर्वी त्यांचं भाताचं शेत होतं, तिथे आता सात मजली कॉम्प्लेक्स. त्याची आई काशीबाई त्या कॉम्प्लेक्सकडे कायम पाठ करून बसते, असं तो म्हणायचा. ते खरंच निघालं.

तेरड्याची गौर इतकी सुंदर सजली होती की मी आधी तिच्या साडीचा काठ बघितला, मग नमस्कार केला. काशीबाईंनी ते टिपलं. हसल्या. गळ्यात ठसठशीत सोनं, आवाज त्याहून ठसठशीत.

"ये गो पोरी, बस. लाजू नको." हळदीच्या पानातली वाफाळती पातोळी माझ्या पानात पडली. "यग्याने सांगल्यान, पडद्याचा काम करतंस म्हने. बेस हाय. कंची तू? राहतंस कुठं?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी यज्ञेश बोलला.

"अंबरनाथ ईस्ट, आई. शिवमंदिराच्या बाजूला."

"अरे वा! चांगला एरिया हाय तो," काशीबाई म्हणाल्या आणि तूप वाढायला वळल्या.

घास माझ्या तोंडात तसाच राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने डोळ्यांनीच खुणावलं — नंतर, नंतर सांगतो. पान टाकून उठणं म्हणजे गौरीचा अपमान, म्हणून मी ती पातोळी संपवली. कशी संपवली ते माझं मला माहीत. नमस्कार केला, हळदीकुंकू घेतलं आणि निघाले.

तो विहिरीपाशी मला गाठत आला. "नेत्रा, ऐक ना..."

"शिवमंदिराच्या बाजूला?"

"आईचं तुला माहीत नाही. तिला एकदा तू आवडलीस ना, की मग हळूच सांगेन. पहिल्याच दिवशी बुवापाडा म्हटलं असतं, तर तिने..."

"तर काय, काच वर केली असती?"

त्याने ओठ आवळले. पाऊस जोरात आला होता आणि आमच्या दोघांपैकी कुणाकडेही छत्री नव्हती.

"तुझ्यासाठीच केलं मी," तो म्हणाला.

"सगळे माझ्यासाठीच करतात! आई माझ्यासाठी घर विकते, तू माझ्यासाठी पत्ता बदलतोस! त्या कुळगावच्या लोकांनी निदान खरा पत्ता ऐकून नकार दिला. तू खोट्या पत्त्यावर पसंत करून घेणार होतास मला? माझ्या आईच्या हातचा चहा प्यायलास ना? मग तिच्या दाराची लाज वाटली तुला?"

"लाज नाही गं..."

"मग काय होतं ते?"

तो चपलेने चिखल उकरत राहिला. खरं काय ते बोलला असता तर मी थांबले असते. इतकी मी थांबायला तयार होते... हे त्याला कळलं नाही.

"तो व्हिडिओ फोनमधून काढलास," मी म्हणाले, "डोक्यातून नाही काढलास." आणि दुकानाची स्कूटी चालू केली. रडतच चालवली, पावसात ते कुणाला कळत नाही, हा एवढाच पावसाचा उपयोग.

०

फोन आले, मी उचलले नाहीत. मेसेज आले, वाचले, उत्तर दिलं नाही.

आणि मग मी एक अशी गोष्ट केली जिचा मला सगळ्यात जास्त राग येतो. आईने विचारलं, "एजंट म्हणतोय, दसऱ्यापर्यंत कशाला थांबता, या रविवारीच टोकन द्या. काय करू?" इतके दिवस मी 'विकू नकोस' म्हणून भांडत होते. त्या दिवशी म्हणाले, "देऊन टाक."

आईने सुटकेचा श्वास टाकला. मी आत जाऊन भिंतीला टेकून बसले. ज्याने या खोलीत बसून बोलणी खाल्ली, खारी खाल्ली, त्यालासुद्धा आपल्या घरी हे नाव काढवत नसेल तर आईचंच बरोबर, असं वाटलं मला. पत्ता बदलावा. कुणी ओळखणार नाही अशा ठिकाणी जाऊन दार लावून घ्यावं.

शनिवारी दुकानात एका पडद्याचं अस्तर कापत होते आणि कापता कापता हात थांबला. मी का बदलू? चोरी मी केली होती का? खोटं तो बोलला, नकार त्यांनी दिला, आणि घर सोडायचं आम्ही? कात्री टेबलावर आपटली. हरेशसेठ गल्ल्यावरून उठलेच. "क्या हुआ साईं?"

"सेठ, हाफ डे!" मी म्हणाले आणि सरळ बदलापूर गाव गाठलं.

काशीबाई पडवीत सुकट निवडत होत्या. यज्ञेश घरी नव्हता. बरंच झालं.

"मी अंबरनाथ ईस्टची नाही," मी उभ्या उभ्याच म्हणाले. "मी बुवापाड्याची. तिथेच जन्मले. माझे बाबा कंपनीत आहेत, आई साड्यांना फॉल लावते. तुमच्या गौरीसमोर बसून मी खोट्या पत्त्यावर प्रसाद खाल्ला, ते मला पचत नाहीये. म्हणून सांगायला आले."

काशीबाईंचा हात थांबला. "मंग यग्या मना खोटा बोलला?"

"हो."

"गौरीपुढं?"

"हो. आणि अजून एक. लग्न ठरताना मुलीकडचे घर बघायला येतात ना? तर मी येऊन, बघून गेले. घर छान आहे तुमचं. तुम्हीही आवडलात मला. मुलगा मात्र पसंत नाही."

काशीबाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने की कशाने, कळेना.

"बस," त्या म्हणाल्या.

"नको."

"मना तो बुवापाडा नाय आवडत," त्या सरळच म्हणाल्या. "कदी गेले नाय, पन नाय आवडत. खोटा कशाला बोलू?"

"चालेल," मी म्हणाले. "निदान तुम्ही तोंडावर सांगितलंत." आणि परत फिरले. जाताना त्या कॉम्प्लेक्सकडेही मी एकदा रागाने बघून घेतलं, उगाच.

०

रविवारी एजंट संध्याकाळी येणार होता. आईने घर पुसून घेतलं होतं, जसं काही घरालाच कुणी बघायला येणार आहे. बाबा भिंतीवरून हात फिरवत बसले होते. कमळाबाई ओट्यावर आलेल्याच नव्हत्या. त्यांना बघवत नव्हतं म्हणे.

दारात सावली पडली. आईला वाटलं, एजंट लवकर आला.

"मीनाबाई तूच ना?" काशीबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. सगळं सोनं घालून. मागे यज्ञेश, त्याच्या हातात पिशवी आणि चेहरा... त्या चेहऱ्याचं वर्णन करायला मला आवडलं असतं, पण मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. दोनदाच बघितलं.

आईची धांदल उडाली. बाबांनी घरातली एकुलती खुर्ची पुढे केली. काशीबाई खुर्चीत बसल्याच नाहीत, खाली साड्यांशेजारी बसल्या. छताकडे बघितलं, भिंतींकडे बघितलं, आमच्या फळीवरच्या भांड्यांकडे बघितलं. लपवून नाही, सरळ बघितलं.

"जागा लहान हाय," त्या म्हणाल्या.

"हो," आई म्हणाली.

"गटारावर फरशी नाय."

"अर्ज केलाय," बाबा म्हणाले.

"हं." त्यांनी यज्ञेशच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि त्यातून एक जांभळी साडी काढली. "या साडीला फॉल लावून दे. आमच्याकडचा मेला नुस्त्या चकरा मारायला लावतो. आनि रंग नीट लाव हां, मना फिक्का नको."

आईने साडीचा काठ हातात घेतला, उजेडाकडे धरला. आणि बघता बघता दोघी काठ, अस्तर, धागा यांत अशा शिरल्या की आम्ही बाकीचे तिथे नव्हतोच. कमळाबाई सूप घेऊन ओट्यावर प्रकट झाल्या.

"नेत्रा," यज्ञेश हळूच म्हणाला. "आईला मीच सांगणार होतो. तू आधी सांगितलंस."

"सवय लाव. मी आधीच सांगते सगळं."

"मला लाज नव्हती वाटली. भीती वाटली होती. तू हातची जाशील याची. आणि त्या भीतीने नेमकं तेच केलं मी... माफ कर."

मी काहीतरी फार टोचेल असं बोलणार होते. खरंच. शब्द तयार होते. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, आणि आमच्या खोलीत कुणाचाही फोन वाजला तरी तो सगळ्यांसाठीच असतो. पलीकडून त्याच्या हरिचंद्रकाकांचा आवाज भिंतीपर्यंत आला.

"यग्या, कुठं हायस रे? कवापासून शोधतंय तुना!"

काशीबाईंनी मान वर केली. आईची सुई थांबली. बाबा, कमळाबाई, सगळे त्याच्याकडे बघत होते. यज्ञेशने माझ्याकडे पाहिलं. घसा साफ केला.

"बुवापाड्यात हाय, काका," तो म्हणाला. गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जाईल असा म्हणाला. "बुवापाड्यात. सासरी."

काय हा आगाऊपणा! ना मला विचारलं, ना मी हो म्हटलं! माझे कान तापले, गाल तापले, आणि कमळाबाई ओट्यावर हसून हसून वाकल्या. मी पुढे होऊन त्याच्या हातातून फोन हिसकावला.

"काका," मी म्हणाले, "मुलगी अजून हो म्हणालेली नाही."

"मंग कवा म्हननार?"

यज्ञेश समोर उभा होता. चौकटीला लागलेलं डोकं चोळत, कारण गडबडीत तो पुन्हा आपटला होता. इतका वेळ रागावून राहणं किती कष्टाचं असतं, हे मला तेव्हा कळलं.

"म्हणतेय की," मी म्हणाले. "आत्ताच."

आईने साडी बाजूला ठेवली. डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मग तिच्या नेहमीच्या, गल्ली हलवणाऱ्या आवाजात बाबांना म्हणाली, "अहो, बसलात काय? त्या एजंटला फोन करा, येऊ नको म्हणावं. जावयाने आत्ताच सगळ्यांना सासरचा पत्ता सांगितलाय. आता कुठे बदलत बसू?"